फ्रान्समधला बाजारहाट : आईसाठी जमवलेली फ्रेंच वाक्यं (तुमच्याकडचीही सांगा)

कृष्णाकाठ

सप्टेंबरमध्ये आई आमच्याकडे तूलूझला अडीच महिने राहायला येतेय. वय ६४, आयुष्य वाईत गेलं, आठवडी बाजार एकदाही चुकवला नाही असं अभिमानाने सांगते. फोनवर तिने पहिलीच अट घातली, "मला तिथे नुसतं खिडकीतून बघत बसवू नकोस, रोज एकदा तरी माझी मी पिशवी घेऊन बाजारात जाणार." मोबाईलमधलं भाषांतराचं ॲप दाखवलं तर म्हणाली की भाजीवाल्यासमोर मोबाईल धरून उभं राहायला मला आवडणार नाही, तू मला दहा-बारा वाक्यं शिकव, मी पाठ करते.

तर मी वही घेऊन बसले आणि लक्षात आलं की पुस्तकात जी वाक्यं असतात (हे किती रुपयांना, ते किती रुपयांना) ती शिकवून फार उपयोग नाही. चार वर्षांत माझी अडचण मी काय बोलू ही कधीच नव्हती, समोरचा काय विचारतोय ते कळायचं नाही ही होती. दुकानात जे बोलणं होतं ते बहुतेक ठरलेलं असतं, आरतीसारखं एकामागून एक कडवं येतं, आणि एकदा तो क्रम कानात बसला की निम्मे शब्द कळले नाहीत तरी चालतं. म्हणून मी आईच्या वहीत दुकानदाराची वाक्यं आधी लिहिली आणि तिची नंतर.

सगळ्यात पहिलं, आणि याला अजिबात पर्याय नाही, ते म्हणजे बोंजूर. आत पाऊल टाकताच म्हणायचं, दुकानात कोणी दिसत नसलं तरी. संध्याकाळी बोंस्वार. बाईला बोंजूर मादाम, पुरुषाला बोंजूर मस्य. आपण "एक्सक्यूज मी, हे कितीला" असं थेट सुरू करतो आणि मग फ्रेंच लोक फार तुसडे असतात म्हणतो, पण त्यांच्या हिशोबाने आपण कोणाच्या घरात शिरून नमस्कार न करता पाणी मागितलेलं असतं. मी पहिले सहा महिने हेच केलं, आणि एका बेकरीतल्या बाईंनी शांतपणे माझ्याकडे बघून "बोंजूर" म्हटलं आणि मी बोंजूर म्हणेपर्यंत पुढे काही हललंच नाही. त्या दिवशी कळलं.

मग ती विचारते वू देझिरे? म्हणजे काय देऊ. आपण म्हणायचं ज वुद्रे... म्हणजे मला हवं होतं. 'मला पाहिजे' ला 'ज व्ह' असा थेट शब्द आहे पण तो दुकानात हट्ट केल्यासारखा वाटतो. शेवटी सिल वू प्ले, म्हणजे कृपया. वस्तू हातात आली की लगेच प्रश्न येतो ए आवेक ससी? म्हणजे यासोबत आणखी काय. हे वाक्य आईला मी सगळ्यात जास्त घोटायला लावणार आहे कारण ते प्रत्येक वस्तूनंतर येतं आणि इतकं भरभर येतं की एकच शब्द वाटतो. आणखी हवं असेल तर पुढची वस्तू सांगायची, नको असेल तर से तू, मेर्सी (मेर्सी म्हणजे धन्यवाद), बास, एवढंच. मग सा फे कोंब्यँ? किती झाले. पैसे देऊन झाले की बॉन जूर्ने (दिवस चांगला जावो), ओ रव्वार (पुन्हा भेटू).

यात 'ज' हा टेलिव्हिजनमधला ज आहे आणि 'झ' हा झाडातला, मी तसंच लिहितेय. तुमच्याकडची वाक्यं, फजित्या, सल्ले सगळं सांगा, आई रोज रात्री हा धागा वाचणार आहे.

डोंगरवाट

मस्त धागा, वाचनखूण साठवली. आम्ही दोघं फक्त दहा दिवस पॅरिस आणि लियों फिरलो होतो आणि नुसत्या बोंजूर-मेर्सीवर भागवलं पण फरक पडतो हे शंभर टक्के खरं. बोंजूर म्हटलं की समोरचा स्वतःहून इंग्रजीत बोलायला लागतो आणि न म्हणता इंग्रजीत सुरुवात केली की त्यालाच इंग्रजी येईनासं होतं :)

एक वाक्य माझ्याकडून : ज रगार्द, मेर्सी. कपड्याच्या वगैरे दुकानात कोणी मदतीला आलं की 'नुसतं बघतेय' म्हणायला. आमच्या हिने दहा दिवसांत सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य हेच.

शाईपेन

मी पुण्यात फ्रेंच शिकवते, बावीस वर्षं झाली. कृष्णाकाठ, आईंना एक गोष्ट जरूर सांगा, त्यांचा आत्मविश्वास वाढेल : फ्रेंच उच्चार इंग्रजीच्या वाटेने शिकू नका, मराठीच्या वाटेने शिका. फ्रेंचमधला त हा आपला त आहे, दंतमूळावरचा ट नाही, द हा आपला द. प आणि क सुद्धा आपल्यासारखे कोरडे, इंग्रजीत असतो तसा फुंकर मारलेला फ-ख कडे झुकणारा नाही. नाकातले स्वर तर आपल्याला घरचेच, कोकणातून आलेल्या मुलींना तर ते शिकवावे सुद्धा लागत नाहीत. अकरावीत माझ्याकडे येणारी इंग्रजी माध्यमाची मुलं 'टोमाट' म्हणतात आणि मराठी माध्यमाची पहिल्याच दिवशी 'तोमात' म्हणून मोकळी होतात. फक्त घशातला र जमायला वेळ लागतो, पण आपला र म्हटला तरी कोणाचं काही अडत नाही, दक्षिण फ्रान्समधल्या खेड्यांतली जुनी माणसं तसाच जिभेचा र म्हणायची.

आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा खाऊन टाकायचं. पण पुढे स्वर आला की तेच व्यंजन परत जिवंत होतं, आणि नेमकी इथेच पैशांत गडबड होते. दोन म्हणजे दो, पण दोन युरो म्हणजे दोझोरो. बारा युरो म्हणजे दूझोरो. ऐका दोन्ही एकामागून एक. फरक फक्त पहिल्या ओ आणि ऊ चा, आणि दहा युरोंचा. शिवाय या 'दो' मधला ओ हा आपला ओ नाही, ओठ ओ सारखे गोल करायचे आणि जीभ ए च्या जागी ठेवायची. तसंच पाच युरो सँकोरो आणि शंभर युरो साँतोरो. मी वर्गात डोळे मिटायला लावून हे घेते.

कृष्णाकाठ

शाईपेन ताई, दोझोरो-दूझोरो!! अगदी हेच. मी एकदा स्कार्फ दोन युरोचा समजून आनंदाने दोन युरोचं नाणं पुढे केलं होतं आणि तो माणूस नाण्याकडे बघतच राहिला. आईला सांगणार आहे की शंका आली तर वू पुव्हे लेक्रीर? म्हणजे लिहून देता का. बाजारात काट्यावर आकडा दिसतो तो बघायचा, ते तर ती वाईतही बघतेच, काटा आधी आणि भाजी नंतर.

आणि वजनाचं राहिलं. इथे मंडईत अजूनही यून लीव्र म्हणतात. लीव्र म्हणजे पौंड नव्हे, बरोबर अर्धा किलो. यून लीव्र द तोमात म्हटलं की पाचशे ग्रॅम टोमॅटो. यून दमी-लीव्र म्हणजे पावशेर... पाव किलो. आमच्या शेजारच्या आजी कायम लीव्रमध्येच मागतात, आईला हे फार आवडेल कारण ती अजून 'अच्छेर' म्हणते.

पाटीवर नीट बघायचं की भाव कशाचा आहे. ल किलो म्हणजे किलोचा, ला प्येस म्हणजे नगाचा, ला बोत म्हणजे जुडीचा. कोथिंबीर : यून बोत द कोर्याँद्र. मंडईत बहुतेक ठिकाणी आपण हात लावून निवडायचं नसतं, आपण सांगायचं आणि तो निवडून देतो. आईला हेच सगळ्यात अवघड जाणार आहे. ज्या ठिकाणी तो म्हणेल सेर्व्हे वू तिथे मात्र आपण घ्यायचं.

आंबटचुका

पॅरिसच्या उपनगरात अकरा वर्षं. आईंना सांगा की हात लावता येत नसला तरी निवड आपल्याच हातात असते कारण इथला चांगला फळवाला विचारतो से पुर काँ? म्हणजे कधी खायचंय. खरबूज, आवोकादो, पेर, आणि हो, काही चीजसुद्धा. आज दुपारी खायचं असेल तर पुर ओजुर्दुई, उद्यासाठी पुर दमँ. मग तो खरबूज हातात घेऊन देठापाशी दाबून बघतो, वास घेतो, ठेवून देतो, दुसरं उचलतो, आणि मग देतो. अकरा वर्षांत मला दुपारसाठी सांगितलेलं खरबूज संध्याकाळपर्यंत कच्चं निघालेलं नाही. त्यांच्या ज्ञानावर विश्वास ठेवला की ते खूश होतात आणि दुसऱ्या वेळी ओळख दाखवतात.

चीजच्या दुकानात सुरी चीजवर ठेवून विचारतात कोम सा? म्हणजे एवढं? त्यावर अँ प प्ल्यूस (थोडं जास्त) किंवा अँ प म्वँ (थोडं कमी). सुरी सरकते, परत कोम सा, मग वुई, सेत्रे ब्यँ. ग्रॅम सांगायची गरजच नाही.

एक सापळा सांगते जो मला कोणी सांगितला नव्हता. दुकानात गर्दी असली की कोणीतरी येऊन विचारतं ओं सोक्यूप द वू? मला वाटलं 'काय हवंय' विचारतायत म्हणून मी हसून "वुई, मेर्सी" म्हटलं आणि मग वीस मिनिटं उभी. त्याचा अर्थ आहे 'तुमच्याकडे कोणी बघतंय का', आणि मी हो म्हटलं होतं! कोणी बघत नसेल तर नों, पा आंकोर.

दुसरा सापळा नुसतं मेर्सी. "पिशवी हवी का?" वर नुसतं मेर्सी म्हटलं तर पुष्कळदा 'नको' असाच अर्थ घेतात. हवी असेल तर वुई, ज व्ह ब्यँ.

कृष्णाकाठ

पिशवीवरून, तूलूझमध्ये पिशवीला 'साक' म्हणत नाहीत, पोश म्हणतात. पोश म्हणजे इतर फ्रान्समध्ये खिसा. पहिल्या आठवड्यात गल्ल्यावरच्या मुलाने "वू वुले यून पोश?" विचारलं तेव्हा हा मला खिसा का देतोय ते कळेना. नैर्ऋत्य फ्रान्सचा शब्द आहे. तसंच चॉकलेट भरलेला गोड पाव, पॅरिसमध्ये जो पँ-ओ-शोकोला तो इथे शोकोलातिन, आणि यावर इथली माणसं मनापासून भांडतात, म्हणून आईला शोकोलातिनच शिकवणार.

बाकी २०१६ च्या जुलैपासून गल्ल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी मिळत नाही, कागदी किंवा जाड विकत घ्यायची. आई कापडी पिशव्या आणतेच आहे, पाच, स्वतः शिवलेल्या.

नवी_पालवी

मी जानेवारीत लिलला शिकायला जातेय, धागा देवासारखा सापडला. पैसे देताना काय काय विचारतात? मला त्याचीच भीती वाटते, मागे रांग असते आणि आपल्याला कळत नाही. आणि यूपीआय चालतं का?

डोंगरवाट

यूपीआय २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून सुरू झालं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, भाजीवाल्याकडे नाही चालणार. इथून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, तो मुळात बंद असतो. आणि मशीनवर 'युरो की रुपये' असा पर्याय आला तर डोळे मिटून युरो. रुपये निवडले की भाव मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा महागच पडतो. आम्हाला हॉटेलात एकदा हा फटका बसला.

आंबटचुका

पालवी, गल्ल्यावरचा क्रम सांगते, जवळजवळ सगळीकडे हाच.

सुपरमार्केटात बोंजूरनंतर पहिला प्रश्न वू झावे ला कार्त? इथे सगळे नवीन लोक आपलं बँकेचं कार्ड पुढे करतात. ते विचारत असतात दुकानाचं सभासद कार्ड आहे का. नसेल तर नों, संपलं. मग ती आकडा सांगते. मग वू रेग्ले कोमाँ? कसे देणार. पार कार्त किंवा आँ एस्पेस (रोख, काहीजण आँ लिकीद म्हणतात). कार्ड असेल तर साँ कोंताक्त? म्हणजे नुसतं टेकवून, हे ५० युरोपर्यंत चालतं, २०२० च्या मे महिन्यात ३० वरून ५० केलं. वर असेल तर कार्ड खुपसायचं आणि ताप्पे व्होत्र कोद, म्हणजे चार आकडी पिन दाबायचा. मोबाईलने देत असलात तर ५० ची अट बहुतेक नसते.

से बों किंवा से पासे म्हणाली की झालं. सा पास पा म्हणाली की कार्ड चाललेलं नाही. घाबरू नका, ज पो रेएसेये? (परत करून बघू का). भारतीय कार्ड टेकवून अडलं तर खुपसून पिन टाकला की पुष्कळदा जातं.

मग शेवटचा प्रश्न, वू वुले ल तिके? १ ऑगस्ट २०२३ पासून पावती आपोआप छापत नाहीत, मागावी लागते. कपडे, चपला, विजेची वस्तू घेतली तर न चुकता मागा, वुई, सिल वू प्ले, कारण बदलून घ्यायला तीच लागते. आणि एक गैरसमज : दुकानात घेतलेली वस्तू 'आवडली नाही' म्हणून परत घेण्याचं बंधन दुकानदारावर नसतं, ते त्याच्या नियमावर असतं. ऑनलाइन घेतली तर मात्र १४ दिवस मिळतात. बदलायला गेलात तर ज वुद्रे एशाँजे, पैसे परत हवे असतील तर रांबुर्से. ते अँ आव्वार देतो म्हणाले तर तो पैशांऐवजी तेवढ्याच किमतीचा कागद असतो, त्यावर तारीख असते, घरी कपाटात ठेवून विसरू नका.

छोट्या दुकानात पाटी असते 'कार्त बांकेर : मिनिमम १० युरो' वगैरे. ती पाटी लावलेली असेल तर त्यांना तो हक्क आहे. म्हणून पर्समध्ये वीसेक युरो सुटे असूच द्या.

शाईपेन

सुटे! मोने हा शब्द मी पहिल्या महिन्यातच पक्का करून घेते. इंग्रजी मनीसारखा दिसतो पण अर्थ सुटे पैसे, किंवा परत मिळालेली चिल्लर. पैसा म्हणजे आर्जाँ, जो शब्द मुळात चांदीचा. वू झावे द ला मोने? म्हणजे सुटे आहेत का. देझोले, ज ने पा द मोने म्हणजे माफ करा, नाहीत. आणि कधी पाटीवर 'फेर लाप्वँ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बरोबर तेवढेच सुटे द्या, बसमध्ये वगैरे.

पैसे हातात देण्यापेक्षा गल्ल्यावर छोटी तबकडी असते तिच्यात ठेवायचे, तेही तिच्यातच परत ठेवतात. अपमान वगैरे नाही, पद्धत आहे.

आता आकड्यांकडे येऊ या, कारण खरी भीती तिथेच आहे. ६९ पर्यंत सगळं सरळ. ७० म्हणजे सुआसाँत-दिस, साठ-दहा. ७५ साठ-पंधरा. ८० म्हणजे कात्र-वँ, चार-वीस. ९० चार-वीस-दहा. ९९ चार-वीस-एकोणीस. म्हणून १९.९९ ही किंमत ऐकताना विद्यार्थ्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि बाजारात युरो शब्द गाळला की ४.८० म्हणजे 'कात्र कात्र-वँ'. नुसतं 'कात्र-वँ' ऐकलं तर ८० की ४.२०? भाजीच्या गाड्यावर अर्थातच ४.२०.

खारीबिस्किट

लोझानहून. आमच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये हा त्रास नाही, ७० सेप्ताँत, ८० युइताँत, ९० नोनाँत. बेल्जियममध्येही सेप्ताँत आणि नोनाँत, पण ८० ला ते कात्र-वँच म्हणतात, आणि जिनिव्हात पण कात्र-वँ. आईंनी फ्रान्समध्ये सेप्ताँत म्हटलं तरी समजतं हं, फक्त उत्तर सुआसाँत-दिसमध्येच येणार.

कृष्णाकाठ

शाईपेन ताई, काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर कात्र-वँ सांगितलं. मी नव्वद कसं सांगावं याची तयारी करून बसले होते, चार गुणिले वीस अधिक दहा असं कागदावर लिहून. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे चार इसा दहा. माझी आजी असंच मोजायची की. पाच इसा शंभर." आणि मग स्वतःच सुरू झाली, शेणी मोजायच्या तर इशीत, आंबे इशीत, म्हातारीला शाळा माहीत नव्हती पण चार इसा आणि सात म्हटलं की बरोबर सत्त्याऐंशी. मी तीन वर्षं क्लास लावून जे डोक्याने शिकले ते तिच्या कानात साठ वर्षं पडून होतं.

शाईपेन

अंगावर काटा आला वाचून. आता हे मी वर्गात सांगणार, परवानगी गृहीत धरते. विसाच्या हिशोबाने मोजणं फ्रेंचमध्ये पूर्वी यापेक्षा खूप जास्त होतं. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं हॉस्पिटल आहे, तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंध लोकांसाठी स्थापलेलं, त्याचं नाव अजून कँझ-वँ, पंधरा-वीस. म्हणजे आपल्या हिशोबाने पंधरा इसा.

२०१९ मध्ये आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जागी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता. तेव्हापासून मला वाटत आलंय की आकड्यांची नावं हा नुसता हिशोब नसतो, त्यात कोणाची तरी आजी बसलेली असते.

नवी_पालवी

इथे वाचूनच भीती गेली. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. त्याबद्दल काही?

आंबटचुका

तयार पदार्थ घेताना इल या द ला व्याँद ददाँ? (यात मांस आहे का). पण एवढ्यावर थांबू नका, व्याँदमध्ये मासे येत नाहीत, आणि कीशमध्ये किंवा सॅलडमध्ये बारीक लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात ते विक्रेत्याच्या लक्षातच येत नाहीत. साँ व्याँद, साँ प्वासों, साँ लार्दों (मांस, मासे, लार्दों नसलेलं) असं सांगा. जेली, मऊ गोळ्या, काही दह्यात सुद्धा जेलातीन असतं, पाकिटावर वाचा.

आणि आपल्या स्वयंपाकाचे शब्द, हे मला पहिल्या वर्षी कोणी दिले असते तर किती पळापळ वाचली असती. बेसन फारीन द प्वा शिश. रवा स्मूल फीन. मसूर डाळ लाँतिय कोराय. भेंडी गोंबो. शेंगदाणे काकावेत. हळद क्युर्क्युमा, जिरं क्युमँ, आलं जँजाँब्र, मोहरी ग्रेन द मुतार्द. नुसतं मुतार्द म्हटलं तर बरणीतली चटणी येईल. द्राक्षं म्हणजे रेझँ, आणि बेदाणे हवे असतील तर रेझँ सेक. ताकासाठी ले रिबो शोधा, ब्रिटनी भागातलं खरं ताक आहे, दुधाच्या कपाटात बाटली असते, कढी फार सुंदर होते. आणि चक्क्यासाठी फ्रोमाज ब्लाँ रात्रभर फडक्यात टांगून ठेवायचं, सकाळी वेलची-केशर घालून घोटायचं. अकरा दसरे याच श्रीखंडावर झालेत आमच्याकडे.

कढीपत्ता, ओलं खोबरं, ताज्या मिरच्या पॅरिसला गार दु नोरच्या मागे ला शापेलच्या तमिळ दुकानांत सगळं मिळतं, तिथे फ्रेंचची गरज कमी पडते.

डोंगरवाट

घासाघीस करता येते का हो? आम्ही हिंमत केली नाही.

कृष्णाकाठ

भाजीबाजारात नाही, पाटीवरचा भाव तोच भाव. दुपारी एकच्या सुमारास बाजार उठायला लागला की ते स्वतःच ओरडायला लागतात, तीन टोपल्या पाच युरो वगैरे, तेव्हा घ्यायचं. पण गावागावात व्हिद-ग्रनिये लागतात, लोक घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकतात, तिथे जरूर विचारा, वू पुव्हे म फेर अँ प्री? म्हणजे भाव करून द्याल का. हसून म्हटलं तर एखाद-दोन युरो सुटतात. आणि स्वस्तात कपडे हवे असतील तर सोल्द, वर्षातून दोनदाच, साधारण जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारपासून आणि जूनमधल्या शेवटच्या बुधवारपासून, चार-चार आठवडे. पालवी, तू जानेवारीत येतेयस तर गरम कोट तेव्हाच घे.

आई परत जाताना काही मोठं घेणार असेल तर देताक्स करणार. युरोपबाहेर राहणाऱ्याला एकाच दुकानात १०० युरोच्या वर खरेदी झाली की करातला काही भाग परत मिळतो, पासपोर्ट दाखवून दुकानात कागद करून घ्यायचा आणि विमानतळावर मशीनला लावायचा. ज वुद्रे फेर ला देताक्स. हे पैसे देण्याआधी विचारायचं, सगळी दुकानं करून देत नाहीत.

कृष्णाकाठ

धागा वर काढतेय. आई येऊन बारा दिवस झाले. आज रविवार, सकाळी सँतोबँच्या चर्चभोवती बाजार भरतो तिथे गेलो. मी चार पावलं मागे उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, असं घरूनच ठरलं होतं.

एका म्हाताऱ्या द्राक्षवाल्यासमोर थांबली. इथून जवळच म्वासाकची द्राक्षं येतात या दिवसांत, सोनेरी, लहान मण्यांची. तिच्या पुढे दोनजण होते, तिने ते नीट मोजून घेतले. नंबर आल्यावर पदर सारखा करून "बोंजूर मस्य" म्हणाली, "यून लीव्र, सिल वू प्ले." द्राक्षं दाखवली नुसती बोटाने, हात लावला नाही. त्याने घड उचलून काट्यावर ठेवला, आकडा लीव्रच्या थोडा पुढे गेला, तो म्हणाला "सा व्हा?" म्हणजे चालेल का. हे वाक्य आम्ही केलंच नव्हतं. तिने काट्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवून "वुई" म्हणाली. मग ए आवेक ससी आलं, तिने लगेच से तू मेर्सी म्हटलं, जणू वाट बघत होती.

तो म्हणाला "त्रवा कात्र-वँ". आणि मला चार पावलांवरून तिचे ओठ हललेले दिसले, तीन आणि चार इसा. पर्समधून दोनचं नाणं, एकचं, मग पन्नास, वीस, दहा सेंट, तबकडीत एकेक मांडलं. त्याने मोजलंच नाही, बघितलं आणि उचललं. कागदी पुडी तिच्या शिवलेल्या पिशवीत अलगद ठेवून म्हणाला "बॉन दिमाँश, मादाम." तिने "आ वू ओसी" (तुम्हालाही) म्हटलं, हे मी शिकवलं नव्हतं, म्हणाली धाग्याच्या वेळी शेजारच्या आजींना बोलताना ऐकलं होतं फोनवर.

पुढच्या गाड्यावर कोथिंबीर घेतली, ती घरी येऊन उलगडून बघतेय आणि मला विचारतेय, 'जुडीत पिवळी पानं नकोत' हे कसं म्हणायचं? मी 'पा द फय जोन' लिहून दिलंय. शाईपेन ताई, बरोबर आहे ना? मंगळवारी परत जायचंय तिला.

शाईपेन

बरोबर आहे. पुढे सिल वू प्ले लावायला सांगा. आणि ताजी जुडी हवी असेल तर ब्यँ फ्रेश.